तरंगत्या वाफ्यांचे ऋण

'पोहणे माहीत आहे' असे मराठीत सहसा कोणी म्हणत नाही. 'पोहता येते' असे म्हणतात. स्वयंपाक येतो, विणकाम येते, नांगर धरता येतो. उलट रायगडाची उंची कोणाला 'येत' नाही. ती माहीत असते. एका क्रियापदाच्या बदलाने भाषेने ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'अमुक असे आहे हे जाणणे' आणि 'अमुक कसे करावे हे जाणणे' यांतला जो भेद सविस्तर मांडला, तो मराठी बोलणारा माणूस रोजच्या बोलण्यात न चुकता पाळीत असतो. मात्र प्रतिष्ठेची वाटणी होते तेव्हा या दोन प्रकारांना सारखा वाटा मिळत नाही. जे माहीत असते त्याला विद्या म्हणतात, त्याचे ग्रंथ होतात, त्याच्या परीक्षा होतात आणि त्यावर पदव्या मिळतात. जे 'येते' त्याला कसब म्हणतात, सवय म्हणतात, आणि फार आदर दाखवायचा असेल तर परंपरा म्हणतात.

अलीकडच्या काही दशकांत या वाटणीत बदल होऊ लागला आहे. हवामानाचे चक्र बिघडल्याची जाणीव जसजशी वाढली तसतसे पूर, दुष्काळ आणि वादळ यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत आलेल्या शेतकरी समाजांकडे विद्वानांचे आणि शासनांचे लक्ष वळले. त्यांच्या रीतींची नोंद होऊ लागली, त्यांना वारशाचा दर्जा मिळू लागला. हा बदल स्वागतार्ह आहे, याविषयी वाद नाही. परंतु त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो सहसा विचारला जात नाही. गरजेपोटी जन्मलेल्या ज्ञानाची स्तुती ज्यांना ती गरज कधी भोगावी लागली नाही अशांनी करावी, तेव्हा त्या स्तुतीबरोबर स्तुती करणाऱ्यावर काही बंधन येते की नाही? की स्तुती हे फुकट देता येणारे दान आहे?

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधाराने तपासणे बरे. बांगलादेशाच्या दक्षिण भागातील गोपालगंज, पिरोजपूर आणि बरिशाल या जिल्ह्यांत पुष्कळशी जमीन वर्षातील सहा ते आठ महिने पाण्याखाली असते. खोलगट दलदलीच्या अशा जलाशयांना बंगालीत 'बिल' म्हणतात. तेथील शेतकऱ्यांनी पाण्यावरच भाजीपाला पिकवण्याची रीत घडवली आहे. आषाढात पाणी चढू लागले की त्यावर दाट वाढलेल्या जलपर्णीच्या थरावर बांबू आडवे टाकायचे, त्यांवर उभे राहून दोन्ही बाजूंची जलपर्णी ओढून रचत जायचे, थरावर थर दाबायचे, आणि वरचा भाग कुजू द्यायचा. चार ते सहा फूट रुंदीचा आणि अनेकदा शंभर फुटांहून अधिक लांबीचा असा वाफा तयार झाला की तो वाहून जाऊ नये म्हणून बांबूच्या खुंटांनी अडवतात. रुंदी एवढीच ठेवण्याचे कारण साधे आहे: होडीत बसलेल्या माणसाचा हात दोन्ही काठांकडून मध्यापर्यंत पोचला पाहिजे. या वाफ्याला कोठे 'धाप' म्हणतात, कोठे 'बायरा'. त्यावर भोपळा, दुधी, वांगी, भेंडी, काकडी, कारली, लाल माठ, हळद अशी पिके निघतात. पाणी वाढले की वाफा वर येतो, उतरले की खाली जातो. हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर तो जमिनीवर टेकतो. मग तो फोडून पसरतात आणि त्या कुजलेल्या खतावर कोबी, टोमॅटो, बटाटे असे थंडीतले पीक घेतात.

या शेतीचे बंगाली नाव 'भासमान' शेती असे आहे. बंगालीत 'भासमान' म्हणजे तरंगणारे. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ नुसते भासणारे, खरे नसून खरे वाटणारे, असा झाला आहे. मराठी कानाला 'भासमान शेती' हा शब्दप्रयोग आभासाच्या शेतीसारखा ऐकू येईल. हा शब्दांचा योगायोग आहे, पण तो अगदीच निरर्थक नाही. ज्या शेताला सातबारा नाही, ज्याची चतुःसीमा सांगता येत नाही, जे चार महिन्यांनी मोडायचेच असते, ते शेत जमीन-महसुलाच्या दृष्टीला खरोखरच आभासासारखे दिसते.

या रीतीत ज्ञान नेमके कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. जलपर्णी पाण्यावर तरंगते, एवढे कोणालाही दिसते. ती किती जून झाल्यावर रचायची म्हणजे वाफा लवकर बसणार नाही, वरचा थर किती दिवस कुजू द्यायचा म्हणजे कोवळे मूळ उष्णतेने जळणार नाही, कोणते रोप पहिल्या फेरीला आणि कोणते दुसऱ्या फेरीला लावायचे, हे मात्र दिसत नाही. बी थेट वाफ्यावर टाकले तर टिकत नाही. म्हणून कुजलेल्या पाणवनस्पतींचा मुठीएवढा गोळा वळतात, त्यात अंकुरलेले बी बसवतात, गोळा सावलीत ठेवतात आणि पाने फुटल्यावर वाफ्यावर नेऊन ठेवतात. हे गोळे वळण्याचे काम बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रिया करतात, आणि रोप जगेल की मरेल याचा निकाल बव्हंशी याच कामात लागतो. शेतकरी या वाफ्यांवर केवळ भाजी पिकवीत नाही. तो मोठ्या प्रमाणावर रोपे तयार करून विकतो. पाणी ओसरताच ज्यांच्या जमिनी उघड्या पडतील त्यांना तयार रोप हाती मिळते आणि हंगामाचे काही आठवडे वाचतात. पुराने बुडालेल्या भूमीवर वेळ वाचवण्याची ही युक्ती आहे. तिच्यात निरीक्षण आहे, अनुमान आहे, चूक ओळखण्याची कसोटी आहे, आणि एका पिढीने दुसरीला द्यावयाची शिस्त आहे. प्रमाणशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर याला ज्ञान न म्हणण्याचे कारण सापडत नाही. अडचण एवढीच की हे ज्ञान हातांत आहे आणि हातांना लिहायला लावले तर ते अर्धेच उतरते.

या ज्ञानाची पहिली पायरी वाफा रचण्याच्याही आधीची आहे. ती पाण्याला नाव देण्याची आहे. पूर्व बंगालमधील शेतकरी 'बर्षा' आणि 'बन्या' असे दोन शब्द वापरतो. दरवर्षी येणारे, शेतांवर पसरणारे, गाळ आणि मासे आणणारे पाणी म्हणजे बर्षा. मर्यादा ओलांडून नाश करणारे पाणी म्हणजे बन्या. पाणी दोन्ही वेळा शेतात शिरते, पण एकाची वाट पाहिली जाते आणि दुसऱ्याची भीती असते. मराठीतही पूर आणि महापूर यांत असेच अंतर आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी शिरून दक्षिणेकडील दाराने बाहेर पडू लागले की तो दक्षिणद्वार सोहळा मानला जातो आणि लोक त्या पाण्यात स्नानाला येतात. त्याच कृष्णेचे पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा कोणी त्याला सोहळा म्हटले नाही. पाणी शत्रू की मित्र, हा प्रश्न नदीकाठच्या समाजाला असा सरसकट पडतच नाही. किती पाणी, केव्हा आणि किती दिवस, हा त्याचा प्रश्न असतो. बंगालमधील खनेची वचने, उत्तर भारतातील घाघ-भड्डरी आणि महाराष्ट्रातील सहदेव-भाडळी ही सारी परंपरा याच प्रश्नाची उत्तरे मुखोद्गत ठेवण्यासाठी उभी राहिली. ती उत्तरे सर्वत्र बरोबर आहेत असे नाही; प्रश्न मात्र बरोबर आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परंपरा म्हटले की ती अनादि, अपरिवर्तित आणि म्हणून पवित्र, असे मानण्याचा मोह होतो. तरंगत्या वाफ्यांचे उदाहरण हा मोह टिकू देत नाही. जिच्यावर हे वाफे आज उभे आहेत ती जलपर्णी मूळची या भूमीची नाहीच. ती दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि पाहता पाहता तिने नद्या, खाड्या आणि भातखाचरे व्यापली. होड्या अडल्या, पिके बुडाली. शासनाला १९३६ साली तिच्या नायनाटासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सरकारदरबारी जी वनस्पती गुन्हेगार ठरली, तिचीच बिलातल्या शेतकऱ्याने जमीन केली. तरंगत्या शेतीची मूळ कल्पना जुनी असेलही. पण तिचे आजचे रूप त्या परकीय वनस्पतीच्या आगमनापूर्वीचे असणे शक्य नाही. म्हणजे ज्याला पारंपरिक ज्ञान म्हणायचे ते येथे एका आधुनिक संकटाला दिलेले उत्तर आहे. परंपरेचे मोल तिच्या वयात शोधू नये. जे लोक ती चालवतात त्यांच्या रोजच्या कसोटीला ती उतरत राहते की नाही, यात ते शोधावे.

मग अशा ज्ञानाला विद्येची प्रतिष्ठा का मिळाली नाही? ते हातांचे होते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. ते कोणाच्या हातांचे होते, हेही विचारले पाहिजे. फरीदपूर, बरिशाल, जेसोर, खुलना या दलदलीच्या पट्ट्यात जंगल तोडून, पाणी आवरून शेती उभी करणाऱ्यांत नामशूद्र हिंदू आणि कष्टकरी मुसलमान यांचा वाटा फार मोठा आहे. ज्या जातीला गावाच्या व्यवस्थेने शिवाशिवीच्या पलीकडे ठेवले, तिच्या पाण्याविषयीच्या जाणिवेला शास्त्र म्हणण्याची वेळ कोणावर येणार नव्हती. या भूभागाचा महाराष्ट्राशी असलेला एक धागा पुष्कळदा विसरला जातो. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर प्रथम निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, तर बंगालमधून; आणि त्यांच्या निवडीसाठी झटणारे जोगेंद्रनाथ मंडल हे बरिशालच्या नामशूद्र समाजातले होते. ज्यांना शिकण्याचा अधिकार नाकारला गेला त्यांनाच पाण्यावर शेती करण्याचे ज्ञान घडवावे लागले, या गोष्टीकडे दुर्लक्ष करून त्या ज्ञानाचा गौरव करणे म्हणजे फळाची वाखाणणी करताना मुळांवर पाय देण्यासारखे आहे.

महात्मा फुले यांनी हा गुंता फार लवकर ओळखला होता. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात ते डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन जमिनीचा कस कसा वाढवीत असे, आणि सरकारच्या जंगल खात्याने हा व्यवहार कसा तोडला, हे शेतकऱ्याच्या नजरेने सांगतात. पण तेथेच ते थांबत नाहीत. ताली बांधाव्यात, जनावरांची निपज सुधारावी, शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण द्यावे, अशी त्यांची मागणी आहे. शेतकऱ्याला काही कळत नाही, असे मानणाऱ्या अहंकाराला त्यांनी विरोध केला. आणि शेतकऱ्याला जे कळते तेवढ्यावर त्याला सोडून द्यावे, असेही त्यांनी म्हटले नाही. पारंपरिक ज्ञानाविषयी आज बोलणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकत्र धरण्याची गरज आहे.

आता स्तुतीकडे वळता येईल. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने बांगलादेशातील तरंगत्या बागांना जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा दिला. त्यापूर्वी २०१३ मध्ये केरळातील कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालील शेतीला तो मिळाला होता. हा मान योग्यच आहे. परंतु मान देताना ज्ञानाचे काय केले जाते, हे पाहण्यासारखे आहे. सर वॉल्टर लॉरेन्स याने १८९५ च्या आपल्या काश्मीरविषयक ग्रंथात दल सरोवरातील तरंगत्या बागांचे वर्णन करताना एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली आहे: या बागा ओढून नेता येत असल्यामुळे त्या चोरीलाही जात. जमीन चोरीला जाण्याची कल्पना क्षणभर विनोदी वाटते. पण ज्ञानाच्या बाबतीत असेच घडू शकते. वाफा कसा रचावा, गोळा कसा वळावा, ही कृती तिच्या पाण्यापासून सोडवून, ओढून, दुसऱ्या काठाला नेली जाते, आणि मूळ काठावर ते ज्ञान घडवणारा माणूस होता तेथेच राहतो.

दुसऱ्या काठाला नेलेले ज्ञान बहुधा ज्ञानही राहत नाही. पंचगंगेत किंवा इंद्रायणीत माजणारी जलपर्णी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तिचेही वाफे करून भाजी पिकवावी, असा उत्साह कोणाला वाटेल. पण शहरांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते. तिच्यावर पिकलेली भाजी ताटात घ्यावी की नाही, याचा निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच करावा लागेल. बिलातली कृती जशीच्या तशी उचलली तरी बिलाचे पाणी उचलता येत नाही. कृती हा ज्ञानाचा दिसणारा भाग आहे. ते पाणी, तो गाळ, ती ऋतूंची चाल आणि त्या पाण्यावरचा गावाचा हक्क हा त्याचा न दिसणारा भाग आहे.

कायदाही या न दिसणाऱ्या भागाला ओळखत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आक्षेप घेतल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले, ही घटना ज्ञानरक्षणाचा विजय म्हणून सांगितली जाते, आणि तो विजय होताच. पण तो मिळवण्यासाठी जुने संस्कृत वचन आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातील लेख यांसारखे लिखित पुरावे पुढे ठेवावे लागले. घरोघरच्या स्त्रियांना हळद लावता 'येत' होती, हा पुरावा ठरला नाही. ते छापलेले होते म्हणून ते 'माहीत' होते, असे ठरले. आरंभी सांगितलेले दोन क्रियापदांमधले अंतर न्यायासनासमोरही तसेच राहिले.

ज्ञानाचा न दिसणारा भाग तुटला म्हणजे काय होते, याचे उत्तर त्याच बंगालच्या किनाऱ्याने दिले आहे. दक्षिण-पश्चिम भागात पूर्वी 'अष्टमासी' बांध घालण्याची चाल होती. कोरड्या आठ महिन्यांत खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घालायचे आणि पावसाळ्यात ते उघडून गोड्या पाण्याबरोबर येणारा गाळ शेतांवर पसरू द्यायचा. दरवर्षी बांधायचे आणि दरवर्षी मोडायचे, हा त्यातला शहाणपणा होता. १९६० च्या दशकात समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणासाठी कायमचे बांध आणि दरवाजे उभे राहिले. आरंभी पीक वाढले. पण गाळाला शेतात वाट उरली नाही. तो नद्यांच्या पात्रांत साचला, पात्रे उथळ झाली, आणि १९८० च्या दशकात बांधांच्या आतली जमीनच कायमची तुंबू लागली. १९९० मध्ये डाकातिया बिलात आणि १९९७ मध्ये भायना बिलात लोकांनी स्वतः बांध कापून भरतीचे पाणी आत घेतले. कायद्याच्या भाषेत हा अपराध होता. पुढे याच कृतीला भरती-ओहोटीच्या साहाय्याने नदी राखण्याची पद्धत म्हणून शासकीय योजनेत स्थान मिळाले. लोकांचे ज्ञान आधी अज्ञान ठरले, मग अपराध ठरले, आणि शेवटी तंत्र ठरले. या तीन पायऱ्यांच्या दरम्यान ज्यांची वीस वर्षांची पिके बुडाली त्यांच्या नुकसानीचा हिशेब मात्र कोणत्याही पायरीवर पुरता झाला नाही.

तरंगत्या वाफ्यांनाही अशीच बाहेरची बंधने आहेत. जलपर्णीला खारे पाणी सोसत नाही. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर कोरड्या हंगामात गंगेचे गोडे पाणी दक्षिण-पश्चिम बंगालकडे कमी जाऊ लागले. कोळंबीच्या शेतीसाठी अनेक ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले. समुद्राची पातळीही चढत आहे. वाफा रचणाऱ्याच्या कौशल्यात यांतल्या एकाही गोष्टीवर उपाय नाही. शिवाय पाण्याखालच्या जमिनीलाही मालक असतो. भूमिहीनाला वाफा घालायचा तर पाण्याचा खंड द्यावा लागतो आणि हंगामासाठी कर्ज काढावे लागते. वाफा पाण्याबरोबर वर येतो हे खरे. खंड आणि व्याज यांच्याबरोबर तो वर येत नाही.

स्तुती अन्यायाकडे कशी झुकते ते येथे दिसते. एखाद्या समाजाला पुरात तग धरता येतो, असे वारंवार म्हटले की हळूहळू त्याला तग धरू द्यावा, असा अर्थ त्यातून निघू लागतो. वरच्या अंगाचे धरण केव्हा आणि किती सोडावे, नदीच्या पात्रात भराव टाकून बांधकाम कोणी केले, हवा तापवणारा धूर कोणाच्या भट्ट्यांतून निघाला, हे प्रश्न मागे पडतात. आणि पूर सोसण्याचे कौशल्य ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याच वाट्याला पूर सोसण्याचे कर्तव्य येते. बोजा चांगला वाहतो म्हणून हमालाची पाठ थोपटावी आणि तेवढ्याच कारणासाठी त्याच्या पाठीवर आणखी एक पोते ठेवावे, असा हा व्यवहार आहे.

त्याचबरोबर प्रत्येक ज्ञानाला एक मर्यादा असते, हे स्तुतीच्या भरात विसरले जाते. सांगलीजवळ हरिपूरच्या मातीत हळद साठवण्याची पेवे होती. जमिनीखाली खोदलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे; मातीची पारख त्यात पणाला लागली होती. २००५ च्या महापुराने पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. यात पेवे खोदणाऱ्यांचे अज्ञान दिसत नाही. त्यांनी ज्या नदीवर भिस्त ठेवली होती ती नदी बदलली, आणि ती त्यांनी बदलली नव्हती. पुराचे पारंपरिक ज्ञान हे 'बर्षा'चे ज्ञान असते. दर काही वर्षांनी 'बन्या'च येऊ लागली तर ते अपुरे पडणारच. १९९८ च्या महापुरात बांगलादेशाची सुमारे दोन-तृतीयांश भूमी पाण्याखाली गेली होती. तशा पाण्याला वाफ्यांचे उत्तर नसते. त्याला निवारा, अन्नसाठा, वेळेवरची सूचना आणि नुकसानभरपाई लागते, आणि ही शासनाची कामे आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो. स्तुतीवर इतक्या अटी लादल्या तर कोणी स्तुतीच करणार नाही. आणि दुर्लक्षापेक्षा अपुरा आदर बरा नव्हे काय? दर्जा मिळाल्यामुळे शासनाचे लक्ष वळते, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना रीत शिकवली जाते, शेतकऱ्याच्या मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटेनाशी होते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की स्तुती थांबवू नये. ऋण घेतल्याने वस्तू मिळते, म्हणून ऋण फेडायचे नसते असे होत नाही. भारतीय परंपरेत मनुष्य ऋणांसह जन्मतो असे मानले आहे, आणि ऋषिऋण हे त्यांतले एक. ते फेडण्याचा मार्ग अध्ययन हा सांगितला आहे. बिलातल्या शेतकऱ्याला ऋषी म्हणण्याची गरज नाही. पण ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याच्या बाबतीत घेणाऱ्याकडे काही देणे लागते, ही कल्पना येथे नेमकी लागू पडते. फरक इतकाच की येथे केवळ अध्ययनाने ऋण फिटत नाही. ज्या परिस्थितीवाचून ते ज्ञान जगू शकत नाही, ती परिस्थिती, म्हणजे नदीचे वाहते गोडे पाणी, गाळाची वाट आणि पाण्यावरचा गरिबाचा हक्क, राखणे हा त्या ऋणाचा मोठा भाग आहे.

ऋणाचा आणखी एक भाग आहे आणि तो मान्य करणे परंपरेच्या अभिमान्यांना जड जाते. कंबरभर पाण्यात उभे राहून जलपर्णी ओढणे हे कष्टाचे काम आहे. त्याने त्वचा सडते, पाण्यात साप असतात. गोळे वळणाऱ्या बाईची मुलगी उद्या शाळा शिकून परिचारिका होऊ इच्छील आणि वाफ्यांकडे पाठ फिरवील, तर तिने वारसा बुडवला असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? जे ज्ञान सोडण्याचे स्वातंत्र्य नाही ते ज्ञान धारण करणाऱ्याची बेडी होते. जातिव्यवस्थेने हेच केले: कसब वंशाला बांधले आणि त्या बंधनाला परंपरेचे नाव दिले. तरंगते वाफे टिकायचे असतील तर ते अशा माणसांच्या हातून टिकावेत ज्यांना दुसरी वाट मोकळी होती आणि तरीही ही वाट पत्करावीशी वाटली. त्यासाठी भाजीला भाव, खंडाला मर्यादा आणि कष्टाला साधनांची जोड हवी.

असे ज्ञान ग्रंथांत नोंदवले जाते तेव्हा नोंद करणाऱ्याने काय लिहावे, याचेही उत्तर यातून मिळते. वाफ्याची लांबी-रुंदी, थरांची संख्या, बियांचे प्रकार हे लिहावेच. त्याबरोबर ते पाणी कोणाच्या मालकीचे आहे, खंड किती आहे, वरच्या अंगाला कोणते धरण आहे आणि ते केव्हा सोडतात, गोळे कोण वळते आणि त्याची मजुरी कोणाच्या हाती पडते, हेही त्याच पानावर लिहावे. या दुसऱ्या तपशिलांवाचून केलेली नोंद वाचणाऱ्याला वाफा कसा रचतात हे माहीत होईल. तो रचता येणाऱ्या माणसाला आपण काय देणे लागतो, हे मात्र कळणार नाही.